गंधार कुणाकडे?

प्रागमध्ये के कार्लोव्ह नावाच्या रस्त्यावर एक छोटी तांबूस हवेली आहे. अठराव्या शतकात एका सरदाराने उन्हाळ्यात येऊन राहण्यासाठी बांधलेली. 1932 पासून तिथे चेक संगीतकार आंतोनिन ड्वोर्झाकचं संग्रहालय आहे. नवऱ्याला कामासाठी आठवडाभर प्रागला जायचं होतं, तेव्हा मी बँकेतून रजा काढून सोबत गेले, ती खरं तर ह्या एका घरासाठी. तिथे ड्वोर्झाकचा पियानो आहे, लिहायचं टेबल आहे, आणि त्याचा व्हायोला आहे. आलेली मंडळी पियानोपाशी रेंगाळत होती. मी व्हायोलासमोर इतका वेळ उभी राहिले की नवरा एक चक्कर मारून परत आला. माझा डावा खांदा नकळत वर उचलला गेला होता. वाद्य धरताना जातो तसा.

व्हायोला म्हणजे मोठं व्हायोलिन, असं मी गेली तीस वर्षं लोकांना सांगत आले आहे, कारण लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मधे तेवढंच सांगून होतं. पण ते खरं नाही. व्हायोलिनची सगळ्यात वरची ई तार व्हायोलात नसते आणि खाली एक सी तार जास्त असते. म्हणजे व्हायोलिनचा सा धरला, तर व्हायोला त्याच्या खालच्या मध्यमावर जाऊन बसतो. हिशेबाने पाहिलं तर इतका खालचा आवाज मोकळेपणाने निघायला लाकडी खोकं व्हायोलिनच्या दीडपट हवं. व्हायोलिनचं खोकं साधारण 35.5 सेंटिमीटरचं, दीडपट म्हणजे 53. एवढं वाद्य हनुवटीखाली धरलं तर हात पुढे पोचणारच नाही. म्हणून व्हायोला बनवणारा कारागीर 38 ते 44 सेंटिमीटरच्या मधे कुठेतरी थांबतो. कुठे थांबायचं ह्याचा नियम नाही. त्यामुळे दोन व्हायोले एकसारखे नसतात, आणि त्यांचा तो थोडा घशातला, थोडा घोगरा आवाज ह्या अडचणीतूनच येतो. माझा 41 सेंटिमीटरचा आहे. जूनमध्ये त्याच्या खुंट्या फुगतात आणि जागच्या हलत नाहीत. एसी सभागृहात शिरलं की त्याच खुंट्या सैल होऊन तारा उतरतात.

हे वाद्य माझ्या हातात दिलं ते सरांनी. सर गोव्यात, साष्टीतल्या एका गावचे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेज, म्हणजे सुरांची नावं घेत गाणं, शिकवत, व्हायोलिन हातात देत. कागदावरचं नोटेशन वाचणं त्या मुलांना बाराखडीइतकं सोपं होऊन जाई. त्यातली कितीतरी मुलं मुंबईला आली, हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवू लागली आणि मग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात जाऊन बसली. सर त्यांच्यातलेच. धोबी तलावला तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. मी नऊ वर्षांची असताना आई मला तिथे घेऊन गेली. आई गिरगावातल्या शाळेत गाणं शिकवायची. घरात मिरजेचा तानपुरा होता. मुलीने गावं अशी तिची इच्छा होती, पण माझा गळा लागेना, तेव्हा ती म्हणाली, हातात तरी सूर येऊ दे.

पंधरा वर्षं मी व्हायोलिन शिकले. मग एका संध्याकाळी सरांनी कपाटावरून दुसरी, जरा लांबट पेटी काढली आणि म्हणाले, "बाय, तू आता व्हायोला घे. व्हायोलिनवाले पुष्कळ झाले. मधे बसून ऐकणारं माणूस नाय."

मला ती शिक्षा वाटली. आपलं व्हायोलिन कमी पडलं, म्हणून मागच्या रांगेत पाठवतायत, असं मनाने घेतलं. घरी येऊन रडले. सरांशी ह्यावर मी कधी बोलले नाही, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांनी जे शिकवलं त्यातून मला कळलं की ते माझ्याबद्दल काय म्हणत होते.

ते व्हायोलिनवर सा आणि प एकत्र वाजवत आणि मला त्यात ग ठेवायला सांगत. फक्त ग. मी ठेवायची. ते म्हणायचे, "खाली." मी बोट केसभर मागे घ्यायची. "अजून खाली." माझ्या कानात पियानोचा ग बसलेला होता, आणि त्या हिशेबाने मी बरोबर होते. तरी ते डोकं हलवत राहायचे. पंधरा-वीस मिनिटं हेच चालायचं. एक दिवस बोट आणखी किंचित सरकलं आणि खोलीतला सगळा आवाज एकदम स्थिर झाला. तीन सूर वेगळे ऐकू येईनात. सर काही बोलले नाहीत. त्यांनी बो, म्हणजे गज, तारांवरून उचलला नाही, एवढंच.

त्या रात्री घरी आई तानपुरा लावत होती. तानपुऱ्याला गंधाराची तार नसते हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि नीट लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो हेही. स्वयंभू गंधार म्हणतात तो. कुणीही न छेडलेला. त्या रात्री पहिल्यांदा मी तो सरांच्या खोलीतल्या सुराशी जुळवून पाहिला. तोच होता. तारेच्या पाचव्या पटीतून निघणारा तो गंधार पियानोच्या गंधाराहून थोडा उतरलेला असतो. कारण पियानोचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले आणि हा निसर्गाने बसवलेला. सर मला महिनाभर तिथे नेत होते.

व्हायोलाला ऑर्केस्ट्रातला तानपुरा म्हणतात काही जण. मला ती उपमा पटत नाही. तानपुरा एका जागी असतो, व्हायोलाला दर मात्रेला नवी जागा शोधावी लागते. सा बहुतेक वेळा चेलो आणि डबल बेसकडे असतो, चाल पहिल्या व्हायोलिनकडे. उरलेल्या सुरांत तो ग असतो, जो शुद्ध आहे की कोमल ह्यावर सगळा प्रसंग आनंदाचा की उदास हे ठरतं. तो पुष्कळदा आमच्याकडे येतो. पुढच्या मात्रेला तोच सूर दुसऱ्याचा पंचम होतो, मग आणखी कुणाचा निषाद. बोट तिथेच, पण त्याचं नातं बदललेलं, म्हणून ते केसभर हलवायचं. आणि हे करायला स्वतःचा आवाज कमी आणि दुसऱ्यांचा जास्त ऐकावा लागतो. योहान सेबास्टियन बाखला व्हायोला वाजवायला आवडे, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलं आहे. तो माणूस ऑर्गन वाजवणाऱ्यांत अव्वल, पण बरोबरीने वाजवायची वेळ आली की सुरांच्या मधोमध जाऊन उभा राहायचा. ह्यात मला नवल वाटत नाही.

आता ड्वोर्झाककडे येते. त्याची बहुतेक चरित्रं एका परिच्छेदात जे उरकतात ते मला इथे लांबवायचं आहे.

त्याचा जन्म 1841 चा, प्रागच्या उत्तरेला नेलाहोझेव्हेस नावाच्या गावात. वडील खाटीक आणि खानावळवाले. व्हायोलिन गावात शिकला, व्हायोला आणि ऑर्गन झ्लोनिसे ह्या गावच्या मास्तरांकडे. सोळाव्या वर्षी प्रागच्या ऑर्गन स्कूलमध्ये गेला. 1859 मध्ये बाहेर पडला तेव्हा चर्चमध्ये ऑर्गनची नोकरी मिळाली नाही, म्हणून कारेल कोमझाकच्या बँडमध्ये व्हायोला वाजवू लागला. हा बँड उपाहारगृहांत आणि नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा. 1862 च्या नोव्हेंबरात प्रागमध्ये चेक भाषेतल्या नाटकांसाठी आणि ऑपेरांसाठी प्रोव्हिजनल थिएटर उघडलं. नावच 'तात्पुरतं'. मोठं राष्ट्रीय नाट्यगृह बांधेपर्यंतची सोय. कोमझाकच्या बँडमधली माणसं त्याच्या ऑर्केस्ट्रात घेतली गेली. त्यात हा एकवीस वर्षांचा व्हायोलावाला होता. तिथे त्याने 1871 पर्यंत नोकरी केली.

नऊ वर्षं. आधीचा बँड धरला तर जवळजवळ बारा.

नाट्यगृहाच्या ऑर्केस्ट्राची नोकरी म्हणजे काय, हे आपल्याकडे संगीत नाटकाच्या साथीदारांना विचारा. रोज संध्याकाळी हजर. कधी इटालियन ऑपेरा, कधी फ्रेंच, कधी नाटकाच्या मधलं वाजवणं. दिवसा तालीम. पगार इतका बेताचा की ड्वोर्झाक शिकवण्या करायचा. काही काळ तो पाच-सहा जणांबरोबर एका घरात राहत होता आणि पियानो घेण्याची ऐपत नव्हती. 1863 च्या फेब्रुवारीत जर्मन संगीतकार रिचर्ड वॅग्नर प्रागला आला आणि त्याने स्वतःच्या रचना स्वतः कंडक्ट केल्या. त्या दिवशी व्हायोलांमध्ये ड्वोर्झाक होता. 1866 पासून चेक संगीतकार बेद्रिख स्मेटाना थिएटरचा मुख्य कंडक्टर झाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या 'द बार्टर्ड ब्राइड' ह्या ऑपेराचा पहिला प्रयोग तिथे झाला. चेक संगीत स्वतःच्या पायावर उभं राहत होतं, आणि ह्या माणसाने ते प्रेक्षागृहातून नाही तर आतून ऐकलं.

ह्या सगळ्या काळात तो लिहीत होता आणि कुणाला दाखवत नव्हता. 1865 मध्ये पहिली सिम्फनी लिहिली. ती जर्मनीतल्या एका स्पर्धेला पाठवली, परत आली नाही. त्याला ती कधी ऐकायला मिळाली नाही. हस्तलिखित 1923 मध्ये सापडलं, त्याच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. 1865 मध्येच त्याने आपल्या एका शिष्येच्या प्रेमात पडून अठरा गाणी लिहिली. तिने नकार दिला, आणि पुढे 1873 मध्ये तिच्या धाकट्या बहिणीशी त्याचं लग्न झालं. शेजारी बसणाऱ्या वादकांना ह्यातलं फारसं काही माहीत नव्हतं.

चरित्रकार ह्याला उमेदवारीचा, हालअपेष्टांचा काळ म्हणतात. जणू हा माणूस बारा वर्षं स्टेशनच्या बाकावर बसला होता आणि मग कीर्तीची गाडी आली. मला हे मान्य नाही, आणि त्याचं कारण मी स्वतः त्या खुर्चीवर बसते हे आहे.

तिथून काय ऐकू येतं ते सांगते. आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात मी तिसऱ्या डेस्कवर, आतल्या बाजूला बसते. डेस्क म्हणजे एका स्टँडवर दोघं. आतल्या बाजूच्याने पान उलटायचं. ते उलटताना सूर सोडावे लागतात, दुसऱ्याने ते धरून ठेवायचे. एकीकडून व्हायोलिनची चाल येते, दुसरीकडून चेलोचा दाब, आणि मागून क्लॅरिनेट, बासून, हॉर्न. समोर बसलेल्या श्रोत्याला हे सगळं एकजीव होऊन मिळतं. आम्हाला ते कच्चं मिळतं, शिवण दिसत असलेलं. ओबो श्वास कुठे घेतो, दुसऱ्या हॉर्नला खालचा सूर पकडायला किती त्रास होतो, चाल व्हायोलिनकडून फ्लूटकडे जाताना मधे कोण तिला हात देतं, ते सगळं. हे रोज संध्याकाळी नऊ वर्षं ऐकणाऱ्या माणसाला ऑर्केस्ट्रा कसा लिहायचा हे आणखी कुणी शिकवायला लागत नाही.

एकदा ड्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीच्या तालमीत आमच्या कंडक्टरने दुसऱ्या भागात, कॉर आंग्लेची (ओबोच्याच जातीचं, जरा खालच्या आवाजाचं वाद्य) ती प्रसिद्ध चाल सुरू होते तिथे, एकट्या व्हायोलांना वाजवायला सांगितलं. तारांवर म्यूट लावलेले, आवाज अगदी बारीक. लांब लांब सूर, चाल कुठेच नाही. पण त्या नुसत्या सुरांनाही चढ-उतार होता, वळण होतं. गाता येईल असं. माझ्या शेजारी बसणारे पारशी गृहस्थ, तेव्हा सत्तरीचे, वाजवून झाल्यावर हळूच म्हणाले, "आपला पार्ट आपल्यावाल्याने लिहिलेला." पुष्कळ मोठे संगीतकार मधल्या सुरांत भरणा करतात. उरलेले सूर देऊन टाकतात. ड्वोर्झाकने ते कधी केलेलं मला आढळलं नाही. ज्याने स्वतः रात्र रात्र कंटाळवाणे पार्ट वाजवले, त्याला दुसऱ्याला ते द्यायला जिवावर आलं असणार.

आणि पुरावाच हवा असेल तर त्याचं ओपस 1, म्हणजे पहिल्या क्रमांकाची रचना, पाहा. 1861, वय एकोणीस. स्ट्रिंग क्विंटेट. पाच वाद्यांत व्हायोला दोन.

आजची व्हायोलाची नोकरी कशी असते हे मला आमच्या ऑर्केस्ट्रातून जर्मनीला शिकायला गेलेल्या एका मुलामुळे जवळून कळलं. एका जागेसाठी शेकड्याने अर्ज येतात. बोलावणं आलं तर पडद्यामागे वाजवायचं, म्हणजे निवडणाऱ्यांना नाव, रंग, बाई की पुरुष काही दिसू नये. आधी होफमाइस्टर किंवा श्टामिट्झचा डी मेजर कन्चेर्तो, म्हणजे एकट्या वादकाला पुढे ठेवून लिहिलेली रचना. त्यातून पार पडलात तर ऑर्केस्ट्रातले ठरलेले उतारे. रिचर्ड स्ट्राउसच्या 'डॉन हुआन'चं पहिलं पान तर हटकून. दीड-दोन मिनिटांत घंटी वाजते आणि "धन्यवाद" ऐकू येतं. तो मुलगा अशा अकरा परीक्षांना बसला. बाराव्या वेळी त्याला घेतलं, पण तेही एका वर्षाच्या बोलीवर. वर्ष संपल्यावर सगळ्या ऑर्केस्ट्राने मत द्यायचं, ह्याला ठेवायचं का. मी त्याला फोनवर विचारलं, त्या वर्षभरात ते बघतात काय? सूर तर परीक्षेत ऐकले. तो म्हणाला, "मावशी, ते बघतात मी त्यांच्यात मिसळतोय का. मी वेगळा ऐकू आलो तर गेलो." मला सरांची आठवण झाली.

त्याला ठेवलं.

ह्या नोकरीची किंमतही मोजावी लागते. डावा खांदा, मान आणि उजव्या हाताचा अंगठा ही व्हायोलावाल्यांची ठरलेली दुखणी. मोठं वाद्य, जाड तारा, आणि आवाज काढायला बोवर जास्त वजन. मी हौशी, तरी दोन वर्षं खांदा धरला होता. पण कानाचं मला आधी माहीत नव्हतं. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये 2012 च्या सप्टेंबरात वॅग्नरच्या 'दी वाल्क्यूर'ची तालीम होती. ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात जागा कमी, त्यामुळे एका व्हायोलावादकाची खुर्ची बरोबर ब्रासच्या, म्हणजे पितळी वाद्यांच्या, पुढे आली आणि ट्रम्पेटचं तोंड त्याच्या उजव्या कानामागे. आवाजाचं टोक 130 डेसिबलच्या वर गेलं होतं. त्या दिवसानंतर साधे आवाजही त्याला सहन होईनात. चमच्यांचा खणखणाट, घरातली बोलणी. 2014 मध्ये त्याने काम सोडलं. 2018 मध्ये हायकोर्टाने आणि 2019 मध्ये अपिलाच्या कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. संगीत हा कामाचाच आवाज आहे म्हणून कारखान्याचे नियम त्याला लागू नाहीत, असं म्हणता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं. त्याचा मुलगा फ्रेंच हॉर्न वाजवतो, आणि वडिलांना ते ऐकणं शक्य राहिलं नाही. ती बातमी मी अनेकदा वाचली आहे. ज्याच्या धंद्याचं भांडवलच ऐकणं, त्याचं ऐकणंच ह्या धंद्याने घ्यावं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

सरांचं ऐकणं शेवटपर्यंत शाबूत होतं. काम मात्र आधी गेलं. त्यांनी ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, महालक्ष्मीच्या फेमसमध्ये, वांद्र्याच्या मेहबूबमध्ये किती गाणी वाजवली ह्याचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता. गायक आणि सगळा ऑर्केस्ट्रा एकाच वेळी वाजवायचा तो काळ. एकाची चूक म्हणजे सगळ्यांचा टेक वाया. ते सांगायचे की टेक सुरू होण्याआधी पन्नास माणसांच्या खोलीत असा शांतपणा पसरायचा की पंख्याची पाती थांबताना ऐकू यायची, कारण पंखे बंद करत. व्हायोलिन खूप, व्हायोले दोन किंवा चार. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी लिहिलेल्या ऑर्केस्ट्रात मुख्य चालीच्या खाली दुसरी एक चाल वाहत असते. रेडिओवर तसं गाणं लागलं की सर मान कलती करून थांबायचे. गायकाच्या ओळीवर नाही, तिच्या खाली. मग बोटाने हवेत दाखवायचे, इथे, इथे. मला आधी काही वेगळं ऐकू यायचं नाही. आता मला ती गाणी दुसऱ्या तऱ्हेने ऐकताच येत नाहीत.

ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला, तुकड्या-तुकड्यांत रेकॉर्डिंग करता येऊ लागलं, आणि आधी गेले ते मधले आवाज. एका कळीत आठ व्हायोले निघत असतील तर दोन माणसं गाडीभाडं देऊन कशाला बोलवायची? सरांना बोलावणी कमी होत गेली आणि मग बंद झाली. ज्या रेकॉर्डवर ते वाजले त्या कुठल्याच वेष्टनावर त्यांचं नाव नाही. मला ह्याचा राग येतो, अजून येतो. सरांना आला असेल तर त्यांनी दाखवला नाही. शिकवणी असली की दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, स्टुडिओत जाताना बसत तसे.

2006 मध्ये एन.सी.पी.ए. ह्या मुंबईतल्या कलाकेंद्राने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला तेव्हा सर जाऊन बरीच वर्षं झाली होती. पहिल्यांदा त्यांचा कार्यक्रम ऐकायला गेले तेव्हा मी मुद्दाम उजव्या बाजूचं तिकीट काढलं, जिथून व्हायोले दिसतात. कझाकस्तानातून आलेले वादक पुष्कळ होते. पगारावर, पूर्ण वेळ वाजवणारे व्हायोलावादक ह्याच मुंबईत मंचावर बसलेले पाहून मला जे झालं ते शब्दांत नीट येत नाही. सरांना एकदा तिथे नेऊन बसवायला हवं होतं.

ड्वोर्झाकने 1871 मध्ये थिएटर सोडलं, व्हायोला सोडला नाही. स्मेटानाने 'फ्रॉम माय लाइफ' हे क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, लिहिलं, ज्याची सुरुवातच व्हायोलाने होते. ते 1878 मध्ये घरगुती बैठकीत वाजवलं गेलं तेव्हा व्हायोला ड्वोर्झाकच्या हातात होता. स्मेटाना तोवर पूर्ण बहिरा झालेला. ज्याच्या हाताखाली पाच वर्षं नोकरी केली, त्याच्या आयुष्याची गोष्ट त्याच्या जुन्या व्हायोलावाल्याने सुरू केली.

पुढे 1893 च्या जूनमध्ये, न्यूयॉर्कची नोकरी चालू असताना, तो सुट्टीसाठी आयोवातल्या स्पिलव्हिल ह्या चेक वस्तीच्या खेड्यात गेला. तिथे सोळा दिवसांत एफ मेजर क्वार्टेट पूर्ण केलं, ज्याला आता 'अमेरिकन' म्हणतात. दोन्ही व्हायोलिनं हलकेच थरथरतात, चेलो सा धरून बसतो, आणि पहिली चाल येते ती व्हायोलाची. सा रे ग प ध, आपल्या भूपाचे पाच स्वर. राग नव्हे, पण मराठी कानाला ती चाल परकी वाटत नाही. माझ्या आईने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "हे काय लावलंयस? परत लाव."

ते क्वार्टेट स्पिलव्हिलमध्ये पहिल्यांदा वाजवून पाहिलं ते कोव्हार्झिक नावाच्या एका शिक्षकाच्या कुटुंबासोबत. पहिलं व्हायोलिन ड्वोर्झाकने घेतलं आणि ती व्हायोलाची चाल शिक्षकाच्या मुलीला दिली. चेलोवर होता तिचा भाऊ जोसेफ, जो न्यूयॉर्कमध्ये ड्वोर्झाकच्या घरीच राहून त्याची कामं बघत असे. 'न्यू वर्ल्ड'चं हस्तलिखित कंडक्टरकडे पोचवलं तेही त्यानेच. हा जोसेफ पुढे कितीतरी वर्षं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवत होता. काय वाजवत होता, हे मला कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. व्हायोला.

ह्या सगळ्यात माझं सगळ्यात लाडकं मात्र एक छोटं काम आहे. 1887 च्या जानेवारीत, जेव्हा इंग्लंडात ड्वोर्झाकच्या नावाने सभागृहं भरत होती, तेव्हा प्रागमध्ये त्याच्याच घरात एक केमिस्ट्रीचा विद्यार्थी भाड्याने राहत होता. त्याच्याकडे राष्ट्रीय नाट्यगृहाच्या ऑर्केस्ट्रातला एक वादक व्हायोलिन शिकवायला यायचा. दोघं वाजवताना ड्वोर्झाकला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. त्याने ठरवलं, आपण व्हायोला घेऊन त्यांच्यात बसू. आणि आठवड्याभरात तिघांसाठी 'टेर्झेट्टो' लिहिलं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला. चेलो नाही, म्हणून तळाचा आधारही व्हायोलाचा आणि मधला सूरही त्याचाच. त्या विद्यार्थ्याला ते झेपेना, तेव्हा ड्वोर्झाकने बसून त्याच्यासाठी दुसरं, सोपं लिहिलं.

गेल्या जुलैत मी ते आमच्या घरी वाजवलं. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनीअरिंगचा मुलगा आणि ऑर्केस्ट्रातली एक मैत्रीण, दोघं व्हायोलिनवर. बाहेर पाऊस, माझी सी तारेची खुंटी अडकलेली. सूर लावण्यात वीस मिनिटं गेली. दुसऱ्या भागाशी आलो तेव्हा मुलगा एका लांब सुरावर थोडा चढा बसला. मी बोट केसभर खाली घेतलं, त्याच्याकडे न पाहता. त्याने ऐकलं आणि तोही खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला उतरले तर तळमजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या.

"काल तुमच्याकडे वाजत होतं ना? त्यात एक जरा जाडसर आवाजाचं होतं. खालून, दबून येणारं. ते कोण वाजवत होतं गं?"

मी म्हटलं, "मी."

"त्याच्यासाठी मी खिडकी उघडी ठेवली होती," त्या म्हणाल्या. "सगळा पाऊस आत आला."